मागची सीट

दादा जाऊन वर्ष झालं होतं. जुन्या विमानातली त्याची मागची सीट काढून धाकट्या भावाने तिथे जादा पेट्रोलची टाकी बसवली. "समुद्र ओलांडायचाय, रिकामी जागा अडवून काय करायची?" असं वहिनीच म्हणाल्या होत्या.

टाकी अजून कोरडी होती. तरी चाकांखालचा वजनकाटा हिशेबापेक्षा एका माणसाइतकं वजन जास्त दाखवत होता.

"भावोजी, काहीतरी चुकतंय तुमचं."

"टाकी मी स्वतः तोललीय, वहिनी. काटाच अडकला असेल."

तेवढ्यात विमान किंचित हललं. काटा थरथरला आणि बरोबर आकड्यावर येऊन थांबला. वहिनींचा जीव भांड्यात पडला.

मग पाठीमागे, भिंतीशी काढून ठेवलेल्या सीटच्या स्प्रिंगा करकरल्या.

दोघांनी वळून पाहिलं. रिकाम्या सीटची गादी हळूहळू खाली दबत होती.