दोघांच्या अक्षता

शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट खाली आला आणि सवयीने मी अक्षता टाकल्या. लग्नाचे फोटो बायको काढायची. मी बाजूला लाइट धरून दोघांच्या अक्षता टाकायचो. ती गेल्यावर मी एकट्याने घेतलेलं हे पहिलंच लग्न. हार घालून झाले, फोटो राहिला.

नवरीच्या भावाने थोबाडीत मारली. “फोटोग्राफर आहेस की वऱ्हाडी?” पुढच्या ठोशाने नाक फुटलं. मी बाहीने नाक पुसलं. त्याने कॅमेरा हिसकावला, तेव्हा मात्र मी त्याच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावलो.

“दादा, काकूंचा कॅमेरा आहे तो. सोड!” नवरी मध्ये आली. तिने गळ्यातला हार काढला. “काका, आम्ही परत घालतो.”

पुन्हा अंतरपाट धरला. कुणीतरी माझ्यापुढे अक्षता केल्या.

मी घेतल्या नाहीत. दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते.