पगारे, नाशिक रोड

“असं वाजवणारं दुसरं माणूस दाखवा मला,” पगारे काका म्हणाले. “अख्ख्या जिल्ह्यात दाखवा.”

तृप्ती हसली. कलावंत नम्र असतात असं तिने ऐकलं होतं. हे काका काही तसे दिसत नव्हते.

ती पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवायची आणि दर रविवारी ‘बेताल’ या आपल्या चॅनेलवर फ्री जॅझचं एखादं नवं रेकॉर्डिंग सुचवायची. ताल नाही, ठरलेली धून नाही. वाजवणाऱ्याला त्या क्षणी सुचेल ते. ऐकणारे थोडे, पण जगभर पसरलेले. ऑस्लो, शिकागो, सोल, कुठून कुठून शोधून ती त्यांच्यापुढे ठेवायची. “तुझ्या कानावर विश्वास आहे,” असं लोक कळवायचे. तेवढ्यावर तिचा आठवडा जायचा.

आणि एक दिवस तिला हा सॅक्सोफोन सापडला. एका साइटवर, कुणी न ऐकलेल्या ढिगात. फोटो नाही, माहिती नाही. नाव फक्त ‘पगारे, नाशिक रोड’.

तिच्याच शहरातलं! सुरुवातीला सूर दबकत आला, नुसता श्वास वाटावा असा. मग फाटत, चिरकत वर चढला. मध्येच कुकरची शिट्टी झाली. सॅक्सोफोनने ती शिट्टीच उचलली आणि अशी काही पिळली, की तृप्ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

“यंदा ऐकलेल्यांत हे सगळ्यात वर,” तिने चॅनेलवर बेधडक सांगून टाकलं. बाहेरच्या जाणकारांनी ते उचललं. बर्लिनच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस तर प्रत्यक्ष ऐकायला येतो म्हणाला. तेव्हा साइटवरूनच निरोप धाडून, पत्ता विचारून तृप्ती आज या कॉलनीत आली होती.

चहा काकांनीच केला. खालून दूध घेऊन वर येताना त्यांना चांगलाच दम लागला होता. ही छाती एवढे लांब सूर धरते कशी, याचं तृप्तीला नवल वाटलं. काकांच्या पत्नी लताकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी चहा बशीत ओतून निववला. थंडीने ओठ फुटलाय म्हणाल्या.

“काका, शिक्षण कुठे झालं हे?”

“सटाण्याला. बँडवाल्याचं घर. पण वरातीत कधी वाजवलं नाय. घरात बसून मनाचंच वाजवायचं.”

“आणि रेकॉर्डिंग?”

“याच खोलीत. मोबाइल ठेवला खिडकीत. मी कुकर बंद करायला विसरलो अन् ती शिट्टी घुसली मधी.”

“ती शिट्टीच तर कमाल आहे!”

“चांगलं शे ना?” काकू एकदम आपल्या अहिराणीत म्हणाल्या आणि लाजून बशीत बघू लागल्या.

“चांगलं? काकू, लोक वेडे झालेत.”

काकांची मान आणखी ताठ झाली. “मागं एकदा एका ऑर्केस्ट्रावाल्याकडं गेलो होतो. ऐकूनसुद्धा घेतलं नाय त्यानं. बघूनच नको म्हणाला.”

तृप्तीने पुढे विचारलं नाही. कॉलनीचं नाव, आडनाव ऐकून काही लोकांचे चेहरे कसे बदलतात ते तिला ठाऊक होतं.

“या वेळी आधी ऐकलंय लोकांनी,” काका म्हणाले. “आता बघू दे.”

“मग थोडं वाजवून दाखवता?”

“आज नाय, ताई. पहिल्यांदा लोकांसमोरच होऊ दे.”

तृप्तीने गंगापूर रोडवरचा एक छोटा हॉल ठरवला. तोवर काकांनी सगळ्या कॉलनीला सांगून टाकलं होतं. भाजीवालीला, गिरणीवाल्याला, ज्यांच्याशी बोलणं नव्हतं त्यांनाही. “जर्मनीवरनं माणूस येतोय ऐकायला!” तृप्तीला हे जरा अतीच वाटलं. पण त्या सुरांसाठी तिने काहीही चालवून घेतलं असतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला. कॉलनीतली माणसं इस्त्रीच्या कपड्यांत आली होती. बर्लिनचा पाहुणा आपला माइक लावून तयार होता. आज फसलं, तर तृप्तीच्या कानावर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नव्हतं.

विंगेत काकू काकांना हळूच म्हणाल्या, “अजून सांगितलं नाही त्यांना?”

“काय सांगायचंय?” तृप्तीने विचारलं.

“काय नाय. हिचं काळीज धडधडतंय.”

तृप्तीने काकूंचा हात दाबला. “काकू, तुम्ही पुढे बसा निवांत. जागा ठेवलीय तुमची.”

काकू काकांकडे एकदा बघून खाली गेल्या.

तृप्तीने माइक हातात घेतला. “मी सगळ्या जगातून संगीत शोधत होते आणि सगळ्यात मोठं माझ्याच गावात निघालं. पगारे, नाशिक रोड!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. काका गळ्यात सॅक्सोफोन अडकवून दिव्याखाली आले. त्यांनी माइक हवा तेवढा खाली केला, त्यावर टिचकी मारून पाहिली आणि हॉलभर नजर फिरवली. कॉलनी, पाहुणा, मागे उभी राहिलेली कॉलेजची मुलं. टाळ्या थांबेपर्यंत ते हसत उभे होते.

“मी काय बोलणार,” ते म्हणाले. “ऐका.”

पाहुण्याने कानाला हेडफोन लावला.

काका पायऱ्या उतरून पहिल्या रांगेत आले. त्यांनी गळ्यातला पट्टा काढून लताकाकूंच्या गळ्यात घातला, त्यांना हात देऊन उठवलं, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीत ताठ बसले.