गच्चीवरची टिटवी

टिटवीने बंगल्याच्या गच्चीवर अंडी घातल्याचं कळलं आणि महादूच्या हातातली भाकर हातातच राहिली.

"गच्चीवर? जिन्याखाली असतील रे. नीट बघितलंस?"

"काका, माझ्या डोळ्यांनी बघितली. चार अंडी. पाण्याच्या टाकीजवळ खडीचा ढीग हाय, त्याच्यात," विनोद म्हणाला. विनोद महादूचा पुतण्या, आणि त्या दुमजली बंगल्याचा राखणदार.

गावात पावसाच्या बाबतीत टिटवीचा शब्द शेवटचा. तिने ओढ्यात अंडी घातली तर पाऊस तोंड दाखवून जाणार, बांधावर घातली तर बेताचा, माळावर घातली तर भरपूर. तीस वर्षं महादू तिची अंडी बघत आला होता आणि गाव त्याच्या सांगण्यावरून भाताचं बी टाकत होतं. अंदाज चुकलाच, तर लोक टिटवीला शिव्या देत, महादूला नाही. पण गच्ची त्याच्या हिशेबात कधी आलीच नव्हती. माळाच्या वर दोन मजले! त्याने बोटांवर मोजून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"बुडालो," तो बायकोला म्हणाला.

"आधी जेवा," बाईजा म्हणाली.

अर्ध्या तासात गच्चीवर दहा-बाराजण जमले. बंगल्याचे साहेब ठाण्याला राहात आणि फक्त शनिवारी येत. आज मंगळवार होता. टिटवी पाण्यावर गेली होती, त्यामुळे अंडी सगळ्यांना निवांत बघता आली. शेजारच्या नथूने कठड्यावरून दोर खाली सोडून उंची मोजली. सव्वीस फूट भरली.

"सव्वीस फूट पानी म्हनजे खर्डीचं स्टेशन गेलं," नथू म्हणाला. त्याने गेल्याच आठवड्यात दोन शेळ्या घेतल्या होत्या, त्यांना माळ्यावर कसं चढवायचं याची त्याला आत्तापासून काळजी लागली. होडी कुठे मिळते, असं कोणीतरी विचारलं.

विनोदने खिशातून मोबाईल काढला. "काका, ह्याच्यात तर साधारण पाऊस दाखवतंय."

"मोबाईलनं कधी अंडी घातलीत काय रे?" महादू म्हणाला, आणि तो विषय तिथेच संपला.

महादूला खर्डी स्टेशनाची काळजी नव्हती. त्याला राबाची काळजी होती. राबाच्या वाफ्यात भाताची रोपं झाली तर पुढे शेत लागणार, आणि त्याचा राब ओढ्याच्या काठाला. गेल्या साली ओढा फुगला, रोपं कुजली, आणि महादू तीन गावांत उरलीसुरली रोपं मागत फिरला. पावसाचं भविष्य सांगणारा माणूस दारोदार रोपं मागतो म्हणून लोक तोंडावर हसले होते. यंदा घरात बी होतं ते एकदाच टाकण्यापुरतं. ते वाहून गेलं की वर्ष गेलं.

"मंग उंचावर टाक ना राब," नथू म्हणाला.

"उंचावर माझी जागा हाय कुठं?"

महादूची उंचावरची जागा म्हणजे तो माळ, आणि सगळे उभे होते ते त्याच माळावर, फक्त दोन मजले वर. पाच वर्षांपूर्वी त्यानेच तो साहेबांना विकला होता. नुसता दगडगोटा गेला म्हणून तेव्हा तो खूश होता. आज मात्र त्याला फार वाईट वाटलं. तो कठड्याशी जाऊन खालची हिरवळ, फरशा आणि झोपाळा बघत राहिला. मग मागे वळून त्याने गच्ची बघितली. चांगली ऐसपैस होती, उन्हाची होती, आणि नळही जवळच होता.

"विनोद, खालून प्लास्टिक आन."

"काका, साहेब मला हाकलतील!"

"साहेबांना गच्चीवर बाग पायजे म्हनत व्हतास ना तू? मंग ही बागच. एकवीस दिवसांची, रोपं उपटेपर्यंतची. शनिवारी आले की इचारतील, तर टेरेस गार्डन म्हनून सांग."

काकाला नाही म्हणायची विनोदला सवय नव्हती. गच्चीवर प्लास्टिक अंथरलं गेलं. बाईजाने माती आणि शेणखताची घमेली डोक्यावरून वर आणली. प्रत्येक खेपेला चाळीस पायऱ्या. महादूने माती बोटभर जाडीची सारखी करून घेतली, बियाची पाटी काखेत धरली, सूर्याला हात जोडले आणि पहिली मूठ फेकली.

तेवढ्यात टिटवी परत आली.

आपल्या अंड्यांपासून चार हातांवर चाललेला हा उद्योग बघून तिने आकाश डोक्यावर घेतलं. टिव टिव टिटिव करत ती सरळ महादूच्या डोक्यावर आली. टोपी उडाली. लोक जिन्याकडे पळाले. सगळ्यांत पुढे नथू होता. महादू पाटी पोटाशी धरून खाली बसला, एका हाताने टक्कल झाकलं, पण जागा सोडली नाही. टिटवी वळून पुन्हा आली, तिसऱ्यांदा आली.

"अगो ए!" महादू वर बघून ओरडला. "ही जागा माझी व्हती गो!"

बाईजाने डोक्यावरचं घमेलं उतरवलं आणि पदराने घाम पुसला.

"तिची पन व्हती," ती म्हणाली.