एका नावाच्या दोन नळ्या

आम्रपालीच्या पोटात बाळ होतं आणि माझ्या लिव्हरवर गाठ. तिच्या आणि माझ्या डॉक्टरांनी रक्ताची एकच तपासणी लिहून दिली, एएफपी. बाळात दोष असो की लिव्हरचा कॅन्सर, दोन्हींत तिचा आकडा वाढतो. कंपनीत परमनंटची यादी लागायची होती. गाठीचं कंपनीला कळलं तर माझा पत्ता कट. म्हणून चिखलीच्या लॅबमधल्या मित्राला म्हणालो, “भावा, माझ्या नळीवर बायकोचं नाव टाक.” आज डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहिला. “आकडा फार वाढलाय. बाळात दोष असू शकतो.” बाहेर येऊन मित्राला फोन लावला. “राव, एकच नाव दोनदा दिसलं म्हणून मशीनवरच्या पोरांनी एकच नळी तपासली. दुसरी फेकली.” “तपासली कुणाची?” “आता कसं कळणार?” आत गेलो. आम्रपाली रडत होती. मी युनिफॉर्मची बाही वर सारली, हातावरची कालची पट्टी काढली. “मॅडम, आधी माझं रक्त घ्या.” “अहो, तुमचं कशाला?” मॅडमनी विचारलं. तो आकडा माझाच निघू दे.