ओळखतो का?

बायको तापाने फणफणली होती, म्हणून नऊ महिन्यांच्या बाळाला लस द्यायला बापच घेऊन आला, तोही डबल ड्युटी संपवून तसाच. हल्ली लसीच्याच टेबलावर बाळाची वाढही तपासतात. त्यामुळे सिस्टरनी जांभई दाबत आधी खुळखुळा वाजवला आणि मग विचारलं, "घरच्यांना ओळखतो का?"

"आईला ओळखतो. आजीला ओळखतो. शेजारच्या मांजरालाही ओळखतो." बापाचा आवाज पडला. "मी निघतो तेव्हा हा झोपलेला, येतो तेव्हाही झोपलेला. मला पाहुणा समजतो."

"हाक मारून बघा."

त्याने मारली. बाळ पंख्याकडे बघत राहिलं.

"असू दे हो दादा," म्हणत सिस्टरनी सुई टोचली. बाळाने टाहो फोडला, इकडेतिकडे बघितलं आणि बापाच्या गळ्याला जी मिठी मारली, ती काही केल्या सोडेना.

"झालं. आता पुढची लस एकदम दीड वर्षाचा होताना."



बापाने डोळे पुसले. "सिस्टर, मध्ये एखादी बसवता येणार नाही का?"