उजव्या गालावरचा तीळ

लहानूचं लग्न झालं ते साल एकाहत्तर. त्याच साली इतवारीतल्या चित्रशाळेनं स्पर्धा ठेवली. परदेशातल्या एका जुन्या चित्रकारानं आरशात पाहून रंगवलेलं स्वतःचं चित्र लढाईत गहाळ झालं होतं. तसंच आपापलं चित्र काढायचं. लहानूच्या बहिणीनं, गंगेनं, मन लावून काढलं.

"नाक तं बारीक करून घेतलं वं!" लहानू हसला.

माय मात्र चित्रातल्या तिळावर बोट ठेवून म्हणाली, "तुहा तीळ तं डाव्या गालावर आहे."

"आरशात उलटंच दिसते, माय. दे, उद्या शेवटचा दिवस आहे."

मायनं चित्र उराशी धरलं. "हिले आता कुठीच जाऊ देत नाही मी."

 

गंगेची जुळी बहीण जमना, उजव्या गालावर तीळ असलेली, एकसष्टच्या देवीच्या साथीत वारली होती.