वरच्या खणातला तळवा

दवाखान्यातला जुना स्कॅनर नव्या संगणकावर संध्याकाळपर्यंत चालवून द्यायचा होता. त्याच्या कार्डाचा हात मेमरीत चार जीबीच्या वर पोचत नाही. म्हणून ते चित्र खालच्या खणात टाकतं आणि कर्नल, म्हणजे संगणकाचा आतला कारभारी, त्याची नक्कल करून वरच्या खणात ठेवतो.

काचेवर काहीच न ठेवता मी चाचणी घेतली. खालच्या खणात कोरं पान आलं. वरच्या खणातल्या पानावर मात्र एक तळवा उमटला होता.

"काच पूस की गं," शेजारच्या टेबलावरून आमचे वरिष्ठ, दादा, म्हणाले.

"काच मळकी असती तर खालीही दिसला असता ना, दादा?"

त्यांनी चष्मा लावून माझा कोड वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कर्नलला नक्कल करायला सांगणारी ती ओळ मी सकाळी बंद केली होती आणि चालू करायला साफ विसरले होते. वरच्या खणात काही पोचायलाच नको होतं.

"मग हात पोचला कुणाचा?" दादा हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं.

माप जुळतंय का बघावं म्हणून मी माझा तळवा काचेवर टेकवला. दादांनी बटण दाबलं. दिवा सावकाश सरकत गेला.

खालच्या खणात माझा हात एकटाच होता.

वरच्या खणात त्याच्या बोटांत कुणीतरी बोटं गुंफली होती.

"उचल आता हात," दादा हळूच म्हणाले.

मी मघापासून तेच करत होते.